जास्वंदीच्या कळ्या गळतात? आधी खाली पडलेली कळी उचलून बघा

जास्वंद लावलेल्या प्रत्येकाची ही तक्रार ठरलेली. कळ्या भरपूर लागतात, फुगतात, टोकाशी लाल रंग डोकवायला लागतो, आणि उद्या फूल मिळणार म्हणून सकाळी बघावं तर कळी कुंडीत पडलेली. काहीतरी फवारलं की पंधरा-वीस दिवस बरं जातं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बागेची आवड असलेली चार माणसं जमली की हा विषय निघतोच आणि उपायही धडाधड सांगितले जातात. ताक घाला, केळीच्या सालीचं पाणी द्या, डीएपी खताचे चार दाणे टाका, मोहरीची पेंड भिजवून ओता, कडुनिंबाचं तेल मारा.

यातला प्रत्येक उपाय कुणाच्या तरी गच्चीत खरोखर लागू पडलेला असतो, म्हणूनच तो माणूस तो इतक्या खात्रीनं सांगतो. अडचण अशी की कळी गळण्याची कारणं निदान सहा-सात आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. फुलकिड्यांनी गळणाऱ्या कळीला खताचा काही उपयोग नाही. मुळं तहानलेली असताना पानांवर तेल मारलं तर झाडाचे हाल वाढतात. गळ पुन्हा पुन्हा होते ती बहुतेक वेळा यामुळेच: औषध बदलत राहतं, पण कारण कुणी बघत नाही.

तेव्हा माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. कुंडीत काहीही घालण्याआधी गळलेली कळी उचला, चिरा आणि आत काय आहे ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

कळी तपासायची कशी

सकाळी झाडलोट व्हायच्या आधी कुंडीत आणि फरशीवर पडलेल्या कळ्या गोळा करा. ताज्याच हव्यात, दोन दिवस वाळलेल्या कळीतून काही कळत नाही. एक पांढरी बशी, एक ब्लेड आणि मोबाइलचा कॅमेरा एवढं पुरे. कॅमेरा झूम केला की भिंगाची गरज भागते.

आधी देठ बघायचा. जास्वंदीच्या फुलाच्या लांब देठावर, कळीच्या थोडं खाली, एक सांधा असतो. बोट फिरवलं तर बारीक उंचवटा लागतो. झाड स्वतःहून कळी टाकतं तेव्हा ती या सांध्यातूनच सुटते. तुटलेली जागा स्वच्छ असते आणि देठाचा उरलेला भाग काही दिवस फांदीवरच राहून पिवळा पडतो. देठ भलत्याच ठिकाणी कुरतडलेला किंवा पिरगळलेला असेल तर ते काम खारीचं, नाहीतर वाऱ्याचं. तिथे औषधाचा विषयच येत नाही.

मग कळीचं बूड. हिरव्या पेल्याच्या खाली बारीक, टोकदार पानांचं एक कडं असतं, साधारण सहा-सात पानांचं. ते नखानं मागे वाकवा. पिठ्या ढेकणाची (मिलीबगची) पिल्लं नेमकी त्या फटीत बसलेली असतात आणि वरून बघून ती कधीच दिसत नाहीत. कळीला भोक आहे का आणि भोकाशी काळपट विष्ठा आहे का, हेही तेव्हाच बघून घ्या.

शेवटी कळी देठापासून टोकापर्यंत उभी चिरायची आणि बशीत दोन्ही भाग उघडे ठेवून मिनिटभर थांबायचं. घाई नको, कारण आतला प्राणी लगेच हलेलच असं नाही. आता काय दिसतं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आत पांढुरक्या-पिवळट अळ्या वळवळत असतील तर

या अळ्या जेमतेम दोन मिलिमीटरच्या असतात. पाकळ्यांच्या घडीत, पुंकेसरांच्या बुडाशी त्या पाच-दहाच्या संख्येनं सापडतात. मोठी झालेली अळी बशीवर अंग वाकवते आणि टणकन उडते. एकदा बघितलं की ओळखायला पुन्हा चूक होत नाही. अशी कळी बाहेरून पिवळसर पडलेली असते, दाबली तर बुडाशी मऊ लागते आणि बरेचदा अर्धवट वाढीतच गळते.

हे काम एका चिलटाएवढ्या माशीचं आहे. तिचं शास्त्रीय नाव कॉन्टारिनिया मॅक्युलिपेनिस. मोगऱ्याच्या कळ्या जांभळट पडून सुकतात त्यामागेही हीच माशी असू शकते. म्हणून एकाच गॅलरीत मोगरा आणि जास्वंद असेल आणि दोन्हीच्या कळ्या एकदमच बिघडायला लागल्या असतील, तर पहिला संशय हिच्यावर घ्यावा. मादी कोवळ्या कळीच्या टोकाशी अंडी घालते, अळ्या आत वाढतात, कळी गळते. पुढचा भाग महत्त्वाचा आहे. पडलेल्या कळीतून अळ्या बाहेर येतात, कुंडीतल्या मातीत शिरतात, तिथे कोषात जातात आणि माशी होऊन पुन्हा वर येतात. सगळं चक्र साधारण तीन आठवड्यांचं. पंधरा-वीस दिवस बरं जातं आणि पुन्हा सुरू होतं असं आपण म्हणतो, त्याचा हिशोब इथे लागतो. फवारा पानांवर बसतो, पण एक पिढी कळीच्या आत आणि दुसरी मातीत सुरक्षित असते.

म्हणून या माशीवर फवारणीपेक्षा वेचणी जास्त चालते. रोज सकाळी पडलेली प्रत्येक कळी उचलायची. झाडावर पिवळी पडलेली, हात लावताच सुटणारी कळीही तोडून घ्यायची. या कळ्या कंपोस्टच्या डब्यात अजिबात टाकू नका, तिथे माती आणि ओलावा दोन्ही आयतं मिळतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा आणि मग टाकून द्या. कुंडीतली वरची इंचभर माती खरवडून मोकळी करा. जमलं तर ती काढून नवी घाला आणि वर मूठभर निंबोळी पेंड पसरा.

प्रादुर्भाव फार असेल तर जिवावर येणारं एक काम करावं लागतं. झाडावरच्या लहानमोठ्या सगळ्या कळ्या तोडायच्या आणि पुढचे तीन आठवडे येणारी प्रत्येक कळी लहान असतानाच खुडायची. माशीला अंडी घालायला जागाच उरली नाही की चक्र तुटतं. लाडक्या झाडाच्या कळ्या स्वतःच्या हातानं खुडणं किती अवघड जातं ते मला पुरतं ठाऊक आहे. पण त्या कळ्या तशाही गळणारच असतात. अर्धवट केलं तर काही उपयोग होत नाही हेही सांगतो. शेजारच्या गॅलरीत जास्वंद असेल तर त्या काकूंनाही सोबत घ्या, दोन्हीकडे एकाच वेळी खुडणी झाली तर गुण येतो.

बारीक, लांबुळके, पळणारे कण दिसले तर

ते फुलकिडे. कळी चिरल्यावर पाकळ्यांवरून सुळकन पळणारे, फिकट पिवळे किंवा तपकिरी, मिलिमीटरभर लांबीचे. चिरायच्या आधीच खात्री करायची असेल तर पांढऱ्या कागदावर कळी धरून टिचकी मारा, पाच-सात तरी खाली पडतात. फुलकिड्यांच्या कळीची एक खूण आहे. ती गळली नाही आणि उमललीच, तर फूल वेडंवाकडं होतं, पाकळ्यांच्या कडा करपलेल्या असतात आणि रंगात पांढुरके ओरखडे दिसतात. कोवळी पानंही आक्रसतात.

फुलकिडे कोरड्या, तापत्या हवेत वाढतात. फेब्रुवारी ते मे हा त्यांचा हंगाम, आणि पहिला दणकून पाऊस झाला की संख्या एकदम उतरते. त्या पावसाची नक्कल आपल्याला करता येते. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पाइपनं झाडाचे शेंडे आणि पानांच्या खालच्या बाजू धुवून काढा. या साध्या कामाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि औषध शोधत बसतात याचं मला फार वाईट वाटतं. सोबत निळ्या रंगाचा चिकट सापळा टांगा. पिवळा सापळा पांढऱ्या माशीला जास्त बोलावतो, फुलकिड्यांना निळा लागतो. कृषी सेवा केंद्रात दोन्ही मिळतात.

बुडाशी आणि शेंड्यात पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर

पिठ्या ढेकूण ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. तो परत का येतो हे मात्र सांगावं लागतं, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी असतात.

जास्वंदीवर त्याच्या मुख्यतः दोन जाती दिसतात. एकीत शेंडा गुच्छासारखा आखडतो, पानं चुरगळून एकमेकांत अडकतात, पेरांमधलं अंतर कमी होतं. ही गुलाबी पिठ्या ढेकणाची खूण. याच किडीनं १९९४ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर पोहोचून तिथली जास्वंदीची कुंपणंच्या कुंपणं वाळवली होती. असा आखडलेला शेंडा सुधारत नाही. तो दोन-तीन पेरं खालून कापून, पिशवीत बांधून टाकणं हाच उपाय. दुसरी जात कपाशीवरची. आपली जास्वंद, कापूस, भेंडी आणि अंबाडी ही सगळी एकाच कुळातली, त्यामुळे त्यांच्या किडीही सामाईक. विदर्भ-मराठवाड्यात शेताला लागून घर असेल, किंवा गच्चीत भेंडीच्या कुंड्या असतील, तर जास्वंदीवर पिठ्या येत राहणारच. भेंडीचा हंगाम संपला की झाडं उभी वाळत ठेवू नका, उपटून टाका.

दुसरी गोष्ट मुंग्यांची. पिठ्या ढेकूण आणि मावा गोड चिकट पाणी सोडतात आणि त्यासाठी मुंग्या त्यांना सांभाळतात, मित्रकीटकांना हाकलतात, पिल्लं उचलून नव्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर तुम्ही कितीही धुतलं तरी आठवड्यात ढेकूण परत येतात. कुंडी विटांवर उचलून ठेवा आणि विटांचे पाय पाण्याच्या पसरट ताटलीत येऊ द्या, म्हणजे मुंग्यांची वाट तुटते. खोड जाड असेल तर त्याभोवती चिकटपट्टी गुंडाळून वर व्हॅसलीनचा थर द्या. फांद्या ग्रिलला किंवा भिंतीला टेकू देऊ नका, मुंग्यांना तेवढा पूल पुरतो.

थोडे ढेकूण असतील तर काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून एकेकाला टिपणं सगळ्यात खात्रीचं. मेणाचा पांढरा थर स्पिरिटनं विरघळतो आणि कीड जागीच मरते. जास्त असतील तर आधी पाण्याचा जोरदार फवारा आणि संध्याकाळी साबण घातलेलं कडुनिंबाचं तेल.

हे करताना एक काळजी घ्या. ढेकणांच्या घोळक्यात एखादा बराच मोठा, पांढऱ्या लांब झालरी असलेला आणि चपळाईनं चालणारा कीटक दिसला तर त्याला चिरडू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंग्याची अळी असते. ती दिसते अगदी पिठ्या ढेकणासारखी आणि खाते पिठ्या ढेकणांनाच. ढेकूण बोटानं डिवचला तरी जेमतेम सरकतो, ही सरळ चालू लागते. हा भुंगा मुळात ऑस्ट्रेलियातला. भारतात तो १८९८ मध्ये कीडनियंत्रणासाठी आणला गेला आणि इथे छान रुळला. ती अळी दिसली तर त्या फांदीवर काहीही मारू नका, तिला तिचं काम करू द्या. तसंच काही ढेकूण तपकिरी, टणक आणि फुगीर झालेले दिसले तर तेही राहू द्या. त्यांच्या पोटात परजीवी माशीचं पिल्लू वाढत असतं आणि बाहेर आल्यावर ते आणखी ढेकणांवर तुटून पडतं.

कळीला गोल भोक आणि भोकाशी विष्ठा असेल तर भेंडी पोखरते तीच ठिपक्यांची अळी आत असते. चार-पाच कळ्या शोधून अळीसकट नष्ट केल्या की घरगुती बागेत तेवढं पुरतं.

कळीत काहीच सापडलं नाही तर

चार-पाच ताज्या कळ्या चिरल्या आणि सगळ्या आतून स्वच्छ, तर दोष मुळांकडे किंवा जागेकडे आहे. माझ्या मते निम्म्याहून जास्त कुंड्यांमध्ये कारण हेच असतं, आणि नेमकं इथेच लोक कीडनाशकावर पैसे घालवतात.

पहिल्यांदा कुंडीतली माती बघा. नर्सरीतून आणलेलं झाड लाल चिकट मातीच्या गोळ्यात येतं. गाडीवरून नेताना गोळा फुटू नये म्हणून ती माती तशी वापरतात. आपण तो गोळा तसाच उचलून भोवती कोकोपीट आणि गांडूळखताचं हलकं मिश्रण भरतो. काही महिन्यांत गोळा आतून दगडासारखा कडक होतो. वरून घातलेलं पाणी त्याला वळसा घालून भोवतालच्या भुसभुशीत मातीतून खाली निघून जातं. भोकातून पाणी आलं म्हणून आपण समाधानी, आणि मुळांचा गाभा मात्र कोरडाच. झाड जगण्यापुरती पानं धरतं आणि पहिल्यांदा कळ्या टाकतं. खात्री करायची तर पाणी घातल्यावर तासाभरानं खोडाजवळ बांबूची बारीक काडी किंवा विणायची सुई खुपसून बघा. ती आत जायलाच तयार नसेल किंवा कोरडी बाहेर आली, तर कारण सापडलं. मोठ्या बादलीत कुंडी बुडवून पाऊण तास ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. हा तात्पुरता उपाय. पावसाळ्याच्या तोंडाशी झाड काढून, गोळा पाण्यात भिजवून, बाहेरची एक तृतीयांश माती हातानं हळूहळू सोडवायची आणि नव्या मिश्रणात लावायचं, हा कायमचा.

दुसरं, पाण्यातली अनियमितता. दोन दिवस विसरायचं आणि तिसऱ्या दिवशी कुंडी तुडुंब भरायची, असं झालं की जास्वंद रुसते. वाफसा हा शेतकऱ्यांचा शब्द इथे अगदी नेमका बसतो: माती ओलसर हवी, पण हवा खेळती. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी द्या आणि दिलं की भोकातून वाहेपर्यंत द्या. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. तिथे काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला पश्चिमेचं ऊन थेट लागू देऊ नका, आतली मुळं अक्षरशः शिजतात. रिकाम्या मोठ्या कुंडीत लहान कुंडी ठेवा, मधल्या जागेत पालापाचोळा भरा, मातीवर नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन घाला. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये याच्या बरोबर उलट. कुंडीखालची ताटली काढून टाका, भोक मातीनं बुजलं असेल तर काडीनं मोकळं करा आणि कुंडी विटांवर चढवा. सडलेल्या मुळांच्या झाडाचीही पानं कोमेजतात. ते बघून पाणी आणखी वाढवलं तर झाड हातचं जातं.

तिसरं, जागा बदलणं. कळ्या लागलेली कुंडी उन्हातून सावलीत, किंवा गच्चीवरून देवघराच्या खिडकीत नेली की आठवडाभरात कळ्या गळतात. नर्सरीतून कळ्यांनी लगडलेलं झाड आणलं आणि घरी आल्यावर सगळ्या गळल्या, ही तक्रार याचमुळे. नर्सरीवाल्यानं फसवलं असं समजू नका, नवी फूट येईपर्यंत थांबा. परदेशात थंडी पडताच कुंडी घरात घेणाऱ्या आपल्या मंडळींनाही दरवर्षी हाच अनुभव येतो. घरातला कमी उजेड आणि हीटरची कोरडी हवा, दोन्ही एकदम सोसत नाही. ऑक्टोबरपासूनच रोज थोडा थोडा वेळ आत ठेवायला सुरुवात केली तर गळ कमी होते. जागा कुठलीही असो, रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर कळ्या धरण्याची अपेक्षा ठेवू नये.

चौथं, खत. याबद्दल मी जरा ठामपणे बोलतो. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र (नायट्रोजन) आणि ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस) असतं. फुलांसाठी स्फुरद हवं असं सरसकट सांगितलं जातं, पण कुंडीतल्या जास्वंदीला जास्त स्फुरद मानवत नाही. ते मातीत साठत जातं आणि लोह-जस्तासारखी सूक्ष्मद्रव्यं मुळांना मिळेनाशी होतात. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागतात. बोअरच्या जड पाण्यानंही असंच होतं, कुंडीच्या कडेवर पांढरा थर दिसला तर ओळखा. जास्वंदीला खरी भूक पालाशची (पोटॅशची) असते. पंधरा दिवसांतून एकदा १३:०:४५ (नत्र, स्फुरद, पालाश या क्रमानं) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम, तेही आधी साधं पाणी दिल्यावर, एवढं भागतं. बाकी दर महिन्याला दोन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. नत्र जास्त झालं की पानं मोठी, लुसलुशीत, गडद हिरवी होतात, कळ्या कमी लागतात आणि मावा-ढेकूण त्या कोवळ्या रसावर तुटून पडतात. मोहरीच्या पेंडीचं पाणी आठवड्याला ओतणाऱ्यांनी हे जरूर तपासावं.

फवारायचंच असेल तर

लिटरभर कोमट पाण्यात २ मिली सौम्य द्रवसाबण आधी मिसळा, मग ५ मिली कडुनिंबाचं तेल, आणि बाटली चांगली हलवा. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात सगळं एकाच फांदीवर जाऊन पानं करपतात. ऊन उतरल्यावर मारा, पानांच्या खालून मारा, सात दिवसांनी पुन्हा मारा. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघितलं तर उत्तम. दमट हवेत व्हर्टिसिलियम या बुरशीची पावडर लिटरला ५ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारली तर पिठ्या ढेकूण आणि पांढऱ्या माशीवर छान काम करते. कोरड्या उन्हाळ्यात मात्र ती वाया जाते.

इमिडाक्लोप्रिड हे कीडनाशक घरच्या जास्वंदीला मारू नये असं माझं मत आहे. ते झाडाच्या रसात भिनतं, मधात आणि परागात उतरतं. जास्वंदीवर मधमाश्या येतात, शिंजीर चोच खुपसून मध पितात. युरोपीय संघानं मधमाश्यांसाठीच २०१८ मध्ये उघड्यावर त्याच्या वापराला बंदी घातली. शिवाय आपण हे फूल देवाला वाहतो, तेलात उकळतो, काही जण चहा करतात. ज्या फुलाला आपली मुलं हात लावतात त्यात ते विष कशाला?

गळ वाटते, पण गळ नसते

मिरची जास्वंद घरी आणून ‘कळ्या येतात पण उमलतच नाहीत’ असं म्हणणारे बरेच भेटतात. ती उमलत नाहीच. लाल, खाली झुकलेलं, मिटलेलं फूल हेच तिचं पूर्ण रूप, आणि शिंजिरांना तेच प्रिय. तसंच साध्या जास्वंदीचं फूल बहुतेक एकच दिवसाचं असतं. दुसऱ्या दिवशी मिटून गळलेलं फूल लांबून कळीसारखं दिसतं. पाकळ्या गुंडाळी झालेल्या आणि मऊ असतील तर ते उमलून गेलेलं फूल आहे.

दुहेरी पाकळ्यांच्या आणि नर्सरीत ‘पुणे व्हरायटी’ किंवा ‘ऑस्ट्रेलियन’ म्हणून मिळणाऱ्या मोठ्या फुलांच्या संकरित जाती काही कळ्या टाकतातच, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. दहातल्या दोन-तीन कळ्या गेल्या तर त्यामागे लागू नका. ऊन उतरलं की त्या सुधारतात. या जाती बहुधा कलमी असतात, तेव्हा कलमाच्या सांध्याखालून फुटलेले जोमदार धुमारे वेळीच काढत जा, नाहीतर खालचं झाडच सगळं अन्न ओढून घेतं.

छाटणी आणि गणपतीची फुलं

जास्वंद नव्या फुटीवरच कळ्या धरते. जुन्या, लांब वाढलेल्या काटक्यांच्या टोकाला दोन-चार कळ्या लागतात आणि त्याही अशक्त असतात. गळ थांबवण्यात छाटणीचा वाटा मोठा आहे, हे मी अनेकांच्या कुंड्या बघून सांगतो. गणेश चतुर्थी ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात येते आणि छाटणीपासून भरपूर फुलं यायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस तोंडावर असताना, फांद्या एक तृतीयांश कमी करायच्या. डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, वर पाव इंचावर, तिरका काप. आत वळणाऱ्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या पूर्ण काढा, म्हणजे ढेकणांना लपायला जागा राहत नाही. काढलेल्या फांद्यांपैकी पेन्सिलएवढ्या जाडीच्या काड्या ओल्या मातीत खोचा, देशी लाल जास्वंद पावसाळ्यात सहज मुळं धरते. नव्या शेंड्यांना चार-पाच पानं आली की एकदा टोक खुडलं तर फांद्या दुप्पट होतात. जुलैच्या मध्यानंतर मात्र हात आवरा, तेव्हा खुडलेला प्रत्येक शेंडा म्हणजे गणपतीतलं एक फूल कमी. दुसरी हलकी छाटणी थंडी संपताना, फेब्रुवारीत.

कोणती लावावी असं कुणी विचारलं तर माझं उत्तर दरवेळी पाच पाकळ्यांची देशी लाल. ऊन, पाऊस, बोअरचं पाणी सगळं सोसते, कळ्या सगळ्यात कमी गाळते आणि फुलं बारा महिने देते. तिच्या जोडीला पाकळ्या कातरलेली, लांब देठावर लोंबणारी झुंबर जास्वंद लावा. जागा असेल तर सकाळी पांढरी उमलून संध्याकाळपर्यंत गडद गुलाबी होणारीही. ती मोठी झुडपासारखी वाढते, म्हणून कुंडीपेक्षा अंगणातच बरी. संकरित पिवळ्या-केशरी मोठ्या फुलांचा मोह मलाही होतो आणि ती लावावीतच, फक्त लाल झाड आधी चांगलं फुलवून हात बसू द्या.

आणि कुणाला सल्ला विचारायचा असेल तर झाडाचा लांबून काढलेला फोटो पाठवू नका, त्यातून काही कळत नाही. चिरलेल्या ताज्या कळीचा, तिच्या बुडाचा आणि पानाच्या मागच्या बाजूचा असे तीन फोटो पाठवा. कुंडी केवढी, ऊन किती तास, पाणी नळाचं की बोअरचं आणि गेल्या महिनाभरात काय काय घातलं, हेही लिहा. एवढं हाताशी असलं तर समोरच्याला अंदाजानं औषध सांगावं लागत नाही.